रांगेने पुरी केलेली वाक्ये

वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, चौदा वर्षे शाळेत मराठी शिकवून झाल्यावर, मी वाचा-उपचाराच्या अभ्यासक्रमासाठी मुंबईला अर्ज केला. वयोमर्यादेमुळे ही संधी पहिली तशीच शेवटची होती. मुलाखतीला येताना अडखळत बोलणाऱ्या एका व्यक्तीचे दहा मिनिटांचे बोलणे टेप करून आणावे, अशी अट होती.

उमरग्याजवळच्या आमच्या गावात अशी एकच व्यक्ती होती : दूध सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांना विचारण्याचे धैर्य गोळा करण्यात माझा आठवडा गेला. ते मात्र लगेच तयार झाले. फक्त सवड त्यांना सकाळी, दूध घेतानाच होती. शाळेचा टेपरेकॉर्डर काखेत घेऊन मी गेलो. दुष्काळाने जनावरे आटली होती, तरी तांब्याभर दूध घालायलाही माणसे रांग धरून उभी होती. या रांगेला एक जुनी सवय होती. सेक्रेटरींना कष्ट नकोत म्हणून त्यांचे प्रत्येक वाक्य ती स्वतःच पुरे करी.

मी बटण दाबले.

"ज... ज..."

"जनावरं!" रांग म्हणाली.

"न्हाय. ज..."

"जमीन!"

"जावई! थोरला का धाकटा, सेक्रेटरी?"

मी धीर करून तोंड उघडले. "कृपया आपण सर्वांनी..."

"गप बसा म्हणायलेत मास्तर," एका म्हातारीने माझेही वाक्य मार्गी लावले.

मुंबईला मुलाखत घेणाऱ्या मुख्य बाईंनी तो टेप शेवटपर्यंत ऐकला.

"यात तुमचे सेक्रेटरी कुठे आहेत?"

"मधूनमधून," मी म्हणालो.

"मग दोष कुणाचा ऐकू येतो तुम्हाला?"

खोलीतल्या कुणीही मला शब्द पुरवला नाही. मी कितीतरी वेळाने म्हणालो, "रांगेचा. म्हणजे... रांगेच्या मायेचा."

बाईंनी कागदावर काहीतरी लिहिले.

निकालाचे पत्र आले त्या सकाळी मी ते घेऊन थेट सोसायटीत गेलो. सेक्रेटरी मापाने दूध ओतत होते.

"सेक्रेटरी, मला प्र..." पुढे शब्दच फुटेना.

"परत पाठवलं!" रांग हळहळली.

"वय लई झालं ना मास्तरांचं."

सेक्रेटरींनी माप कॅनवर आपटले. "ज... ज... जरा थांबा की! म... मास्तरांना बोलू द्या!"

रांग चिडीचूप झाली. टेपवर अर्धा राहिलेला शब्द कोणता होता, ते मला तेव्हा कळले.

"प्रवेश मिळाला," मी म्हणालो.

टेपरेकॉर्डर मात्र शाळेच्या कपाटात होता.