ट्रॅक्टरचा हूक

मालकांनी छोटी नवी गाडी घेतली, तेव्हा तिला ट्रेलर ओढायचा हूक कोणता बसवायचा हे त्यांनी माझ्यावर सोपवलं. सातवीतून शाळा सोडून सोलापूरकडच्या उसाच्या गावातून मालवणात आलेल्या माणसावर. दोन हजार सातच्या सुमाराची ही गोष्ट.

मालक मासेमारीच्या घरातले. पर्यटकांना फिरवायला त्यांनी गोव्याहून फायबरची बोट आणली होती, ट्रेलरसकट. मला लायसन्स त्यांनीच काढून दिलं, ड्रायव्हर म्हणून ठेवलं, राहायला खोली दिली. वहिनी माझ्यासाठी मुद्दाम ज्वारीचं पीठ मागवायच्या. अशा घराला आपण एक दिवस नकोसे होऊ, ही धास्ती मला कायम असायची. त्यामुळं मालकांनी "तुका ह्यातलां कळता मा?" विचारल्यावर मी लगेच हो म्हणालो.

बंदराच्या वाटेवरचा वेल्डर मालकांच्या शाळेतला सोबती. त्यानं दोन हूक पुढ्यात टाकले. एकाला वर लोखंडी गोळा, ट्रेलरच्या तोंडाची वाटी त्यावर बसायची. दुसरा आमच्या ट्रॅक्टरसारखा, कडीतून जाड पीन घालायचा. गोळा मी जन्मात पाहिला नव्हता. पीन पाहिली आणि जीव भांड्यात पडला.

"हा बसवा. आमच्याकडं भरलेल्या ट्रॉल्या यावर चालतात."

"अरे, थंय ऊस वडतास, हय होडी," वेल्डर हसला. "उतारार ट्रेलर खाली वाकता. गोळ्यार तो फिरतलो, पिनेर अडकतलो."

दुकानात बसलेले दोघं हसले. एक म्हणाला, "घाटी शिकवता आता होडी उतरवूक!"

कान तापले माझे. "मालकांनी हाच सांगितलाय," असं मी ठोकून दिलं. वर खडखडू नये म्हणून कडी घट्ट करायला लावली. वेल्डरनं ट्रेलरची वाटी कापून तिथं कडी जोडली.

दिवाळीच्या तोंडावर बोट पाण्यात सोडायची होती. मालकांनी नारळ फोडला, देवाला गाऱ्हाणं घातलं. मी गाडी मागं घेत उतारावर आणली. ट्रेलर खाली वाकला, घट्ट कडी पिनेत अडकली आणि गाडीमागची हुकाची पट्टी उचकटून आली. ट्रेलर सुटून खडकावर गेला. बोटीच्या तळाला हातभर चीर पडली. सुट्ट्यांचा सगळा धंदा गेला.

मालक मला घेऊन तडक वेल्डरकडे गेले. "मेल्या, असलो हूक बसवतस?"

"मी ह्येका सांगललंय, गोळो घे म्हणान. तूच पीन सांगितलंस, असां ह्येनाच माका सांगितल्यान."

मालक माझ्याकडं वळले. "काय रे? खरां सांग."

खरं सांगायला एक श्वास पुरला असता. मला माझी खोली दिसली, वळकटी दिसली, एसटी स्टँड दिसलं.

"नाही मालक. यांनीच हा बसव म्हटलं."

वेल्डर माझ्याकडं बघत राहिला. मी त्याच्या कापायच्या मशीनकडं बघत होतो.

"माझो ड्रायव्हर खोटां बोलणारो न्हय," मालक म्हणाले. बाकावर बसून सोबत शिकलेल्या माणसापेक्षा त्यांनी माझा शब्द खरा धरला. घरी आल्यावर वहिनींनी मला आधी पाणी दिलं आणि म्हणाल्या, "घाबरा नको. तुझी काय चूक?" ते पाणी मी उभ्या उभ्या प्यालो. त्यांच्यासमोर बसवेना.

त्यानंतर मालकांचं वेल्डिंगचं काम कुडाळला जायला लागलं. तिथल्या मिस्त्रीनं गोळ्याचा हूक बसवला, तो कधी अडकला नाही. दोन्ही सोबत्यांचं बोलणं मात्र थांबलं. मालकांच्या घरच्या लग्नाला वेल्डर आला नाही. त्याला पत्रिका द्यायला मलाच पाठवतील की काय, या भीतीनं मी पत्रिका वाटायच्या आठवड्यात ताप आल्याचं सांगून पडून राहिलो.

मालकांना सांगायचं असं मी कितीदा तरी ठरवलं. गाडीत आम्ही दोघंच असायचो, वाट लांब असायची. ते विचारायचे, "काय रे, गप कित्याक?" मी म्हणायचो, काही नाही मालक, पुढं खड्डा आहे.