पक्का रंग

आमच्या धाकट्या मामांइतका खरा चेहरा साऱ्या वऱ्हाडात दुसरा नसेल, आणि खऱ्या वस्तूचे जगात जे हाल होतात तेच त्या चेहऱ्याचेही झाले. मामांचं नाक, दोन्ही गाल आणि हनुवटी बारा महिने लाल असायची. थंडीत पिकल्या बोरासारखी, उन्हाळ्यात निखाऱ्यासारखी. हा झाला रोजचा रंग. त्यावर अधूनमधून आणखी एक लाली चढायची. ती मानेपासून निघे, कानांच्या पाळ्या गाठे, गालांवर पसरे आणि कपाळावर टोपीच्या काठाशी येऊन थांबे. तिला कारण कुठलंही चाले. ऊन, चूल, राग, हसू, मागून कुणी अचानक मारलेली हाक. आपल्याला आत काय होतंय हे मामांना कळायच्या आधी ते समोरच्या माणसाला कळायचं.

मी अकोल्याला सिस्टरांच्या इंग्रजी शाळेत शिकत होते आणि सुट्टी लागली की मेडशीजवळच्या आजोळी जायची. तिथे मी फारसं बोलत नसे. कोपऱ्यात बसून बघत राहावं असं मामांच्या घरी पुष्कळ होतं, आणि त्यातलं निम्मं मामांच्या चेहऱ्यावरच चालू असायचं.

आपल्या तोंडाला तापू द्यायचं नाही, हा मामांचा धर्म होता. घरात चहा झाला की मामा आपला चहा बशीत ओतून बशी उंबरठ्यावर वाऱ्याला ठेवत आणि गोठ्यात निघून जात. बैलांना वैरण टाकून, गव्हाणी झाडून ते परत येईपर्यंत चहावर साय धरलेली असे. एकदा त्यात माशी पडली. मी दाखवली तर मामांनी ती बोटानं अलगद बाहेर काढली, ती उडून गेली, आणि ते समाधानानं म्हणाले, "माशीले चटका बसला नाई ना? मंग माह्यासाठी बराबर झाला." ज्या मुलखात ठेच्याशिवाय भाकरी मोडणं हा भाकरीचा अपमान, तिथे मामा भाकरी दुधात कुस्करून खात. छत्री तर त्यांच्या अंगाचाच भाग होती. आभाळ भरून आलं असलं तरी ते ती उघडत. "ढगाचा भरोसा नाई," म्हणत, "कवा फाकन अन् कवा दगा देईन." एका वर्षी त्यांनी ती छत्री वखरालाच बांधली आणि सावलीत उभं राहून साऱ्या शेताला वखराची पाळी घातली. शेजारच्या शेतांतली माणसं आपली कामं सोडून धुऱ्यावर, बांधावर, येऊन बसली. बैलांना मात्र त्यात काही वावगं वाटलं नाही. मामांचे बैल मामांना ओळखून होते.

उपाय सांगणाऱ्यांचा तुटवडा नव्हता. मालेगावचे वैद्य म्हणाले पित्त, शेलूबाजारच्या मारवाड्यानं सांगितलं मुलतानी माती, आणि रस्त्यानं जाणारा येणारा म्हणायचा, "उष्णता हाये, बाप्पा." मामांनी सगळं मनापासून केलं. एका दुपारी तलाठी आला तेव्हा ते चेहऱ्यावर दही थापून ओसरीत पडले होते. तलाठी दारातच दचकला. तेवढ्यात मोठ्या मामी, म्हणजे थोरल्या मामांची बायको, स्वयंपाकघरातून ओरडत आल्या.

"भाऊजी, दही कढीसाठी ठेवलं होतं ना मी!"

"मंग पातेलं आना वयनी," मामा डोळे मिटूनच म्हणाले, "खरवडून घ्या."

पण गमतीच्या तळाशी एक काटा होता. दारूबंदीचे दिवस होते. मालेगावच्या बाजारात एका शिपायानं मामांची कॉलर धरली आणि तोंडाचा वास घ्यायला तो पुढे वाकला. मामांनी नुकताच मुठीनं फोडून कांदा खाल्ला होता. शिपाई डोळे पुसत मागे सरला, आणि सारा बाजार हसला. मामाही हसले. घरी आल्यावर मात्र ते बराच वेळ गोठ्यातून बाहेर आले नाहीत. इंग्रज गेल्याला काही वर्षं झाली होती, तरी गावातली पोरं त्यांना पाहून म्हणत, "सारे साहेब गेले, एक बोटीत बसाचा राह्यला." हे वाक्य शेजारच्या गणपतचं. गणपतला जिभेची देणगी होती आणि ती तो मामांवर खर्च करायचा.

खरा प्रश्न लग्नाचा होता. मामांची तिशी उलटली होती. घरची शेती बरी, बैलजोडी देखणी, निर्व्यसनी माणूस. पण पाहुणे येत, मामा पाणी घेऊन समोर जात, नवख्या माणसांपुढे ती लाली मानेवरून चढू लागे आणि पाहुण्यांचे चेहरे उतरू लागत. कुणाला वाटे पितो, कुणाला वाटे रक्तात काही रोग आहे. "कळवतो" म्हणून जात ते कळवतच नसत. मोठ्या मामींनी हातपाय गाळले होते. "आता ह्या वर्साले झालं तर झालं," असं त्या माझ्यादेखत आईला म्हणाल्या.

त्या साली पोळ्याला मी आजोळी होते. पोळ्याचा आमच्याकडे एक न बोललेला उपयोग आहे. मुलीचा बाप त्या दिवशी मुलाला बघायला येत नाही, तो पोळा बघायला येतो. तोरणाखाली कुणाचे बैल कसे उभे आहेत, मालकाच्या हाताला कसे वागतात, यावरून तो घर जोखतो आणि गुपचूप परत जातो. शेलूबाजारकडचे एक गृहस्थ येणार आहेत, असा निरोप आला होता. बैल बघायला. मामांनी जोडी नदीवर घासून घासून धुतली, शिंगांना लालभडक हिंगूळ लावला, बेगड चिकटवली, झुली टाकल्या. मग हळूच माझ्याजवळ आले.

"पोरी, तुमच्या शाळेतल्या मडमा तोंडाले काय लावतात?"

"काही नाही मामा," मी म्हटलं. "आमच्या मोठ्या सिस्टरांचे गाल उन्हात तुमच्यासारखेच लाल होतात."

मामांचा चेहरा उजळला. "म्हंजे हा रोग नाई! इलायती माल हाये!"

तरीही त्यांनी माझा पावडरचा डबा मागून घेतला. धोका नको, म्हणाले. अर्धा डबा गालांवर रिकामा झाला. मामा पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे दिसू लागले, पण लाल नव्हते. मोठ्या मामींनी कपाळाला हात लावला आणि दृष्ट काढली.

पोळा मारुतीच्या पारासमोर भरला. पाऊस नव्हता, वारा नव्हता, नुसता उकाडा. आम्ही बायका बाजूच्या ओट्यावर होतो. शेलूबाजारचे गृहस्थ कोण ते लगेच कळलं, कारण सगळं गाव त्यांच्याकडे न बघण्याचा प्रयत्न करत होतं. जोड्या तोरणाखाली लागल्या, डफ वाजू लागले, आणि मामांना घाम फुटला. पावडरीतून ओघळ निघाले. ओघळांतून लाल वाटा दिसू लागल्या. थोड्याच वेळात मामांचं तोंड त्यांच्याच झुलीसारखं पट्टेरी झालं.

आणि झडत्या सुरू झाल्या. पोळ्यात एकानं दुसऱ्याला चार ओळींचा टोमणा मारायचा, त्यानं तिथेच उत्तर द्यायचं, आणि लोकांनी "हर हर महादेव" म्हणायचं, अशी आमच्याकडची रीत. त्या दिवशी कुणी कुणाचं वाईट वाटून घेत नाही. गणपत पुढे आला, त्यानं हात वर केला.

"गोरा साहेब गेला बोटीत बसून,
एक तोंड गावात राह्यलं रुसून;
बैल याचे पांढरे, मालक लालेलाल,
हिंगूळ शिंगाले लावला का थोबाडाले काल?"

हर हर महादेव इतक्या जोरात झालं की बैल बुजले. शेलूबाजारचे गृहस्थ खाली बघू लागले. मोठ्या मामींनी माझा हात गच्च धरला. "गेलं," त्या पुटपुटल्या. मामा खाली मान घालून उभे होते. दरवर्षी गणपतच्या झडतीला ते हसून गप्प बसत. त्या दिवशी त्यांनी कासरा एका हातात घेतला, दुसऱ्या हातानं खांद्यावरचा शेला ओढला, आणि सगळ्या गावासमोर तोंड खसाखसा पुसलं. पावडर गेली. खालून जो लाल निघाला तसा मी आधी कधी पाहिला नव्हता. त्यांनी मान वर केली.

"हिंगूळ लागते शिंगाले, पान्यात जाते वाहून,
माहा रंग पक्का बाप्पा, घ्या सारे पाहून!
उन्हानं लाल, चहानं लाल, लाजलो तरी लाल,
लपवाचं काही जमत नाई, हेच माहे हाल!"

लोक ओरडायला लागले तसा त्यांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं, आणि सरळ शेलूबाजारच्या गृहस्थांकडे तोंड केलं.

"द्याची असन पोरगी तर द्या, नाई तर नका देऊ,
पन पोळ्याचे पाव्हने तुमी, उपाशी नका जाऊ!"

असं उघड त्या गावात आजवर कुणी बोललेलं नव्हतं. आधी त्या गृहस्थांच्या मिशा हलू लागल्या, मग ते पोट धरून हसू लागले, आणि हसता हसता त्यांचंही तोंड असं लाल झालं की गणपतच पहिला ओरडला, "हर हर महादेव!" तोरण तुटलं, पोळा फुटला आणि जोड्या घरांकडे सुटल्या. लोकांनी मामांना बैलांसकट घरापर्यंत मिरवत आणलं. दारात मोठ्या मामींनी आधी बैलांचे पाय धुतले, आणि गडबडीत मामांच्याही पायांवर पाणी घातलं.

पाहुणे जेवायला बसले. पुरणपोळी दुधात बुडवता बुडवता म्हणाले, "बैल पाह्याले आलो होतो. मालकबी पाहून झाला." पुन्हा पोळी वाढली तेव्हा एवढंच विचारलं, "फागनात जमन का?"

फाल्गुनात जमलं. वरातीत मामा छत्री उघडून घोड्यावर बसले, आणि ती गणपतनं धरली होती.

आता मी मोठी झाले आहे. परवा आजोळी गेले होते तेव्हा धाकट्या मामी जात्यावर बसल्या होत्या. त्यांच्याशी मी जरा बोलते. त्या म्हणाल्या, "बाया मले इचारतात, असा नवरा कसा केला म्हून. मी म्हन्ते, त्याइच्या नवऱ्याच्या मनात काय हाये ते त्याइले इचारा लागते. मले नाई लागत. दारातून आले का समजते." मी नुसतं हसले. मला शाळेत चेहरा आवरायला शिकवलं होतं, आणि ते मला फार चांगलं जमतं. माझ्याकडे पाहून कुणाला काही कळत नाही. यात कौतुक वाटण्यासारखं काय होतं, ते त्या दिवशी मला आठवेना.

निघताना मामा फाट्यापर्यंत पोचवायला आले. मोटार आली, मी खिडकीशी बसले. खाली मामा उभे होते. त्यांच्या मानेपासून ती लाली निघाली आणि सावकाश कानांपर्यंत चढली.

"ऊन लय झालं पोरी," ते म्हणाले.

सकाळपासून आभाळ भरलेलं होतं.