पाहुणे कवा येत्यात

११ डिसेंबर. पावटे सोलायला घेतले आहेत. उद्या सकाळी इनामगावहून धाकटे दीर येणार आहेत आणि त्यांना पावट्याची आमटी आवडते. अंगठा शेंगांना हात लावायच्या आधीपासूनच दुखतो आहे. काल दिवसभर गेम खेळले.

आमचे हे रेल्वेत सिग्नलच्या कामावर होते. किडन्या गेल्या तशी नोकरी सुटली. दिवसाआड डायलिसिस, आणि मधल्या दिवशी घरात पडून राहणं. मुलगी नोकरीला हैदराबादला गेली तेव्हा तिचं गेमचं मशीन टीव्हीखालीच राहिलं होतं. त्यात एक बोकड होता. खडकावरून खडकावर उड्या मारत त्याला डोंगराच्या माथ्यावर न्यायचं. पाय चुकला की दरीत, मग पुन्हा खालपासून. यांच्या आजोबांपर्यंत घरात मेंढरं-शेरडं होती. "ज्यानं ह्यो बनवलाय त्यानं बोकड बघितलेला हाय," हे म्हणाले आणि वर्षभर तो एकच गेम खेळत राहिले.

हा गेम खेळणाऱ्या मराठी पोरापोरींचा फोनवर एक ग्रुप होता. हे त्यात काका. काय लिहितात ते मी कधी पाहिलं नाही. माणूस गुंतलेला आहे, एवढं मला पुरे होतं.

दिवाळीनंतर डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं की आता आठवड्यांचा प्रश्न आहे. मी यांना सांगितलं नाही. सांगून करायचं काही नव्हतं. त्यानंतर एका दुपारी डोळे मिटूनच यांनी विचारलं, "पाहुणे कवा येत्यात गं?"

"कोण पाहुणे?"

"येणार म्हनलेत. तेवढं बघून घेतलं म्हंजी झालं."

आमच्याकडे अंथरुणावरचा माणूस पाहुण्यांची वाट बघू लागला की घरच्यांना एकच अर्थ कळतो. बाकी सगळे भेटून गेले होते. राहिला होता फक्त धाकटा भाऊ. त्यानं न विचारता बांधावरचा लिंब तोडला, तेव्हापासून नऊ वर्षं दोघांत बोलणं नव्हतं. मी पुढं काही विचारलं नाही, लगेच फोन लावला. "भाऊजी, हे तुमची वाट बघतायत. पाहुणे कधी येतात म्हणून विचारत होते." पाहुणे कधी येतात हे यांचं वाक्य. पहिलं माझं.

संध्याकाळी दीर दारात उभे. चपलांना रानातला चिखल तसाच. त्यांनी भावाच्या पायांवर डोकं ठेवलं आणि हुंदका दिला. यांनी त्यांच्या डोक्यावरून माझ्याकडं पाहिलं.

"झालं व्हय?" मला म्हणाले.

नऊ वर्षं न आलेला भाऊ बोलावल्याशिवाय येत नाही आणि असा का बोलावतात, ते यांना ठाऊक होतं. मी जे लपवलं होतं ते यांना असं कळलं. मी "चहा ठेवते" म्हणून आत गेले आणि दूध उतू जाईपर्यंत तिथंच उभी राहिले.

बाहेर आले तेव्हा हे भावाला म्हणत होते, "बस. उभा का?"

दीर चार दिवस राहिले. लिंबाचा विषय कुणी काढला नाही. दुसऱ्या दिवशी यांनी त्यांच्या हातात गेमचा रिमोट दिला.

"आरं, बोकड हाय त्यो, रेडा न्हाई. हलक्या हातानं."

"दादा, ह्याला पाय चार आन् बटनं धा. कुणाकुणाला सांभाळू?"

"पडला बघ. तुझ्याकडं मेंढरं राह्यली न्हाईत त्ये बरं झालं."

हसताना यांना धाप लागायची. पाचव्या दिवशी सकाळी हे गेले. दहाव्याला नदीवर दीर येईल त्याला सांगत होते, "दादानं सवताहून बोलावलं मला. म्हनला, पाहुणे कवा येत्यात." मी शेजारीच होते. माझाही तोच समज होता.

तेराव्यानंतर यांचा फोन एकसारखा वाजू लागला. "काका, पाहुणे आले! उतरवले का?" "काका, कुठं गायब?" "तुमचं मत आल्याशिवाय भांडण मिटत नाही." मी बसून मागचं सगळं वाचलं.

दुसऱ्या एका गेममधला कंदीलवाला बेडूक आणि त्याची बहीण बोकडाच्या डोंगरावर येणार होते. वेगळे पैसे भरून तेवढा भाग उतरवून घ्यायचा. त्याचं इंग्रजी नाव लांबलचक, म्हणून ग्रुपवर सगळे 'पाहुणे' म्हणत. पाहुणे कधी येतात, हा प्रश्न तिथं महिनाभर रोज कुणी ना कुणी विचारत होतं. यांनीही विचारला होता. मला विचारला त्याच दिवशी.

आता ते आले होते आणि ग्रुपवर दोन तट पडले होते. एक मुलगी लिहीत होती की बेडकाची जीभ दोरासारखी लांब जाते, तो लोंबकळत सुटतो, मग आपण वर्षभर उड्या शिकलो कशाला? दुसरा म्हणत होता, आठ टप्पे एका दुपारी संपले, ही लूट आहे. आणखी कुणाला कंदिलाच्या उजेडातल्या गुहा इतक्या आवडल्या होत्या की बाकी सगळं माफ. यांचं मत आधीच लिहिलेलं होतं: "पाहुण्यानं आपल्या ताटात जेवावं. सोताचा डबा आणून कोपऱ्यात खाल्ला तर त्यो आला कशाला?"

काल मी मुलीला फोन केला. "आई, तू खेळणार?" "हो. कुठलं बटण ते सांग." बोकडाची वर्षभराची मेहनत या मशीनवर होतीच, त्यामुळं गुहा उघडल्या. सहा टप्पे बेडूक डब्यातलंच खात होता. सातव्यात वारा कंदील विझवतो, जीभ कशाला धरावी ते दिसत नाही, आणि त्याला बोकडासारख्या मोजून उड्या माराव्या लागतात. तिथं मी एकतीस वेळा पडले. आठवा मला जमला नाही.

ग्रुपवर लिहिलं: "काका गेले. मी त्यांची बायको. सातव्या टप्प्यापासून पाहुणे आपल्या ताटात जेवतात. आधीचे सहा काकांना आवडले नसते." नंतर फोन बंद केला.

आज सकाळी दिरांचा फोन आला. दादाचा बोकड माथ्यावर न्यायचा राहिलाय, उद्या येतो म्हणाले. गेम सुरू केला की आता पहिल्याच चित्रात बोकडाशेजारी बेडूक उभा असतो. ते विचारणार. दादानं बोलावलं, एवढ्यावर ते सध्या उभे आहेत. पावटे सोलताना दोन उत्तरं तयार केली, एक खरं आणि एक सोपं.

१२ डिसेंबर. दीर सकाळी नऊला आले. टीव्ही लावला.

"वहिनी, ह्यो बेडूक कोण?"

"हेच पाहुणे, भाऊजी. तुमचे दादा यांची वाट बघत होते. तुम्हाला बोलावलं ते मी, चुकून."

बोकड खडकावर उभा राहून रवंथ करत होता.

"दादाला म्हाईत व्हतं?"

"तुम्ही दारात दिसलात तेव्हाच कळलं."

"तरी बस म्हनला."

"म्हणाले."

त्यांनी रिमोट उपरण्यानं पुसला आणि माझ्या हातात दिला. खेळले नाहीत. जेवायलाही थांबले नाहीत, अकराची गाडी आहे म्हणाले. मी आमटी डब्यात भरली, झाकण घट्ट लावलं आणि त्यांना स्टँडवर सोडायला गेले. गाडी अर्धा तास उशिरा आली. तोवर आम्ही दोघं बाकावर बसलो होतो, डबा मध्ये ठेवून.