वडगावला मी खरंच गेले

नाशिकहून निघताना आईने दोन गोष्टी बजावल्या: लोणच्याची बरणी उभी धरायची आणि तपासणीचं कुणाला सांगायचं नाही. तपासणी म्हणजे ऑटिझमची. नंबर लागायला अजून काही महिने होते आणि कोल्हापूरच्या विद्यापीठातला माझा एम.एस्सी.चा वर्ग तेवढा थांबणार नव्हता. बाबांनी शब्दकोशात ‘स्वमग्नता’ शोधलं आणि म्हणाले, हे तर तुझ्या काकाला आहे. काका समोरच पेपर वाचत बसले होते. त्यांना ऐकू गेलं नाही.

पुण्यात गाडी बदलली. तिथे शेजारी पेठ वडगावच्या एक काकू बसल्या. साताऱ्यापर्यंत त्यांनी माझं गाव, विषय, लग्नाचा विचार सगळं विचारून घेतलं. प्रश्न सरळ असले की मला उत्तरं देता येतात, त्यामुळे मी खूश होते. फक्त त्या स्वतःबद्दलही ‘मी गेलो’, ‘मी आलो’ म्हणत. इकडे बायका असंच बोलतात हे कळेपर्यंत मी त्यांच्या गोष्टीतला तो पुरुष शोधत होते. वडगावच्या अलीकडे, हायवेवरच्या वाठारला उतरताना त्यांनी घराची खूण म्हणून बाजारामागचं निळं दार सांगितलं आणि म्हणाल्या, “ऐतवारी (रविवारी) या की जेवायला, पावणं (पाहुणे).”

वसतिगृहातला पहिला आठवडा काही बरा गेला नाही. ट्यूबलाइट किरकिरायची. मेसमध्ये ताटं इतकी आदळायची की मी खोलीत बसून चिवडा खायचे. मैत्रीण एकही झाली नव्हती. पण रविवार ठरलेला होता.

रविवारी एसटीने, दोन्ही बाजूंचा ऊस बघत, वडगाव गाठलं. काकू दारातच वाकळा (गोधड्या) धुवत होत्या. त्यांनी मला नीट न्याहाळलं आणि कोण पाहिजे म्हणून विचारलं. मी गाडीतली ओळख सांगितली, जेवायला आलेय असंही सांगितलं. आत सुनेने फ्रिज उघडला आणि बंद केला. मुलगा चप्पल घालता घालता मटण आणायला पळाला.

पानावर तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, सुकं मटण, भात. पदार्थ एकमेकांना लागले की माझा घास अडतो, म्हणून मी वेगवेगळ्या वाट्या मागितल्या. काकूंनी काही न विचारता दिल्या. पण मी नको म्हटलं की त्या वाढायच्या. तिसऱ्यांदा रस्सा थेट भातावर आला.

“काकू, मी नको म्हणते तेव्हा मला नकोच असतं.”

पळी हवेत थांबली. सून भिंतीकडे बघू लागली.

“आमच्यात नको म्हंजे वाढा,” काकू म्हणाल्या. “आनि खरं सांगू? गाडीत या म्हटलं, त्ये बी असंच म्हटलेलं. सगळ्यास्नी म्हणतो. कोण येत न्हाय.”

माझे कान तापले. डोळ्यांत पाणी आलं, त्यात रश्शाचाही वाटा होता. मी विचारलं, “मग मी जाऊ का?”

“बस की खाली. आलीस त्ये ब्येस झालं.”

सुनेने मला दुसरा, कोरडा भात वाढला. मग मी सांगायचं नव्हतं ते सगळं सांगून टाकलं. काकूंनी हात धुवायचं थांबवून ऐकलं.

“डागदर काय सांगनार?”

“मी अशी का आहे ते.”

“आनि तंवर (तोपर्यंत)?”

“वाट बघायची.”

“मग ऐतवारचं हितं जेवून बघ वाट. ह्ये खरं म्हणतोय.”

परतीच्या गाडीत मला खिडकी मिळाली. डॉक्टर काय सांगतील ते सांगतील. पण माणसांच्या ‘या’चा आणि ‘नको’चा अर्थ मी आजवर एकटीच लावत बसायचे आणि चुकायचे. त्यांनाच विचारता येतं, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

आईला फोन करून सगळं सांगितलं. मग तिने विचारलं, “रस्सा झेपला का गं तुला?”

“न्हाय,” मी म्हणाले.