मंगरूच्या पायांचं पाणी

मारियामातेच्या टेकडीकडे पायी निघणाऱ्यांसाठी आंधळगावच्या लोकांनी एक स्वागताची खोली उघडली होती. हातमागावर जन्म गेलेल्या कुसुमताई काही ख्रिस्ती नव्हत्या, तरी दरवर्षी तिथे बसून यात्रेकरूंचे पाय धुवायच्या आणि घरी विणलेल्या पंच्याने पुसायच्या. जो आधी येईल त्याचे पाय आधी, एवढाच तिथला नियम.

यंदा एक पुढारी फोटोवाल्याला घेऊन उगवला. रांगेत पहिला होता मासे धरणारा मंगरू, तळ्याच्या चिखलाने माखलेल्या, भेगाळलेल्या पायांचा. पुढाऱ्याने नाक मुरडून त्याला बाजूला सारलं आणि मागच्या बूट-मोजेवाल्या मास्तरांना परातीपुढे बसवलं. पाण्यात दोन बोटं बुडवली, फोटो काढून घेतला आणि लगेच हाताला सॅनिटायझर चोळलं. जन्मभर चिखलाची आली नव्हती एवढी किळस कुसुमताईंना त्या दोन बोटांची आली.

त्यांनी परात उचलली आणि पाणी नालीत ओतलं.

"काहून फेकलं? साफ तर होतं," पुढारी म्हणाला.

"तुमचा हात लागला ना, बाटलं ते," ताई म्हणाल्या आणि मंगरूकडे वळल्या. "बस भाऊ, तुह्या पायाले नवं पाणी आणते."