सकाळी घासलेला हौद

भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी पान लावायला उठतो, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. मी सायन्स शिकलेला माणूस. भिंगाखाली दिसत नाही ते नाहीच, असा माझा खाक्या! तरी हे लिहितोय, कारण यात भूत नाही... आणि जे आहे ते मी स्वतः भिंगाखाली पाहिलंय.

महायुद्धाच्या अखेरीची गोष्ट. नंदुरबारजवळ कोरीटच्या शिवारात तलावात मासे वाढवायचा सरकारी प्रयोग चालला होता आणि पुण्याकडचा मी त्यावरचा नवाकोरा मदतनीस. बंगालहून रेल्वेने मातीच्या हंड्यांतून माशांची इवली पिल्लं यायची. आदल्या वर्षी त्यांना शेंगदाण्याची पेंड घातली होती. पाणी नासलं आणि पिल्लं मेली. म्हणून यंदा मी हट्टाने हिरवं पाणी केलं. हौदात विहिरीचं पाणी, शेणाचा काला आणि ऊन — आठ-दहा दिवसांत नुसत्या डोळ्यांना न दिसणारं बारीक शेवाळ वाढतं आणि पाणी पोपटी होतं. पिल्लांचं ते दूधच. साहेबांनी बजावलं होतं, ही खेप मेली तर प्रयोग बंद.

हौद सांभाळायची सुपडाबाई. गावातल्या भोई घरातली, माझ्या आईच्या वयाची. नव्या पाण्यात थोडं जुनं हिरवं पाणी टाकायचं, विरजणासारखं, एवढं सांगताच ती सगळं समजली होती.

खेपेबरोबर साहेबही यायचे होते. आदल्या संध्याकाळी मी तिला म्हणालो, उद्या सगळं चकचकीत दिसलं पाहिजे. मोठा पाहुणा यायचा तर इथे आधी पाण्याची भांडी, रांजण, हौद राखेने घासतात, हे मला शहाण्याला कुठे माहीत! सकाळी बघतो तर हौद लख्ख. आत नितळ पाणी, तळ दिसतोय. हिरवं पाणी कुठे गेलं, मी विचारलं.

"भाऊ, तुमीच सांगेल व्हतं ना, चकचकीत कर म्हनीसन," ती म्हणाली.

चूक माझी होती, म्हणूनच मी जास्त ओरडलो.  ती घरी जाऊन एक मडकं घेऊन आली. कधीतरी त्यातून तिने हिरवं पाणी वाहून नेलं होतं. आता आत नुसता वाळलेला डाग. ते विसळून तिने पाणी हौदात ओतलं.

"इरजन कधी सरस का भाऊ? मडकाम्हा थोडं ऱ्हासच."

विरजण म्हणे कधी संपत नाही, मडक्यात थोडं राहतंच! मला हसूही आलं नाही. बैलगाडीत बसून स्टेशनला निघालो. श्रावणातलं आभाळ भरलेलं, उन्हाचा पत्ता नाही. वाटभर मी राजीनाम्याचा मजकूर जुळवत होतो.

दुपार कलताना साहेब आणि हंड्या घेऊन परतलो. साहेब पुढे, मी तोंड लपवून मागे. ते हौदावर वाकले आणि "वा!" म्हणाले. मी धावलो... पाणी हिरवंगार होतं. काठापर्यंत पोपटी!

माझा पहिला संशय बाईवरच. गावतळ्यातलं ओतलं असेल? पण गावतळं पावसाने लाल गढूळ झालेलं. शिवाय मी थेंब भिंगाखाली धरला तर माझेच गोल हिरवे दाणे, दुसरं काही नाही. पिल्लं सोडली. ती इतकी पारदर्शक, की तासाभरात प्रत्येकाच्या पोटात हिरवी रेघ दिसायला लागली. मी त्या वेळी अक्षरशः रडलो, आणि मला त्याची लाज वाटत नाही. सुपडाबाई पदराआड हसत होती.

ती खेप जगली. पुढच्या वर्षी त्या तलावातला पहिला रोहू तिनेच तळून मला वाढला, आणि तसा मासा मी परत खाल्लेला नाही.

नंतर वाळक्या मडक्यांवर मी किती प्रयोग केले म्हणून सांगू! आठ दिवसांच्या आत पाणी कधी हिरवं झालं नाही. Explanation आजही नाही.

साहेबांनी त्या दिवशी विचारलं होतं, "याला दिवस किती लागले?" मी म्हणालो, आठ. रिपोर्टातही तेच लिहिलं. उभ्या नोकरीत कागदावर मी तेवढं एकच खोटं लिहिलं... कारण खरं कोणी मानलं नसतं. मीसुद्धा नाही.