तपासनीसकाकांची अडखळणारी गाडी

तपासनीसकाकांनी उभं आयुष्य बसमध्ये तिकिटं तपासण्यात घालवलं. त्यामुळे समोरचा माणूस विनातिकीटच आहे, असं धरून चालायची त्यांना सवय. निवृत्तीनंतर बस सुटली, नजर तेवढी राहिली. मी शेजारी, पण नुसता नमस्कार केला तरी विचारतात, "काय काम काढलंस?"

त्यांचा धाकटा भाऊ दूर देशी असतो. घराच्या वाटणीपासून दोघांत बोलणं असं उरलं नव्हतं. फक्त रविवारी दुपारी कानाला हेडफोन लावून दोघं कॉम्प्युटरवर गाड्यांची शर्यत खेळायचे आणि एकमेकांना मनसोक्त शिव्या घालायचे. नात्याचा तेवढाच काय तो धागा.

आणि एके दिवशी काकांची गाडी अडखळायला लागली. ऐन वळणावर चित्र थिजायचं. सुटेपर्यंत गाडी खड्ड्यात आणि धाकटा पुढे.

काकांनी तपास सुरू केला. काकूंच्या मोबाईलवरच्या मालिका बंद झाल्या. शेजारी वायफाय चोरतात म्हणून पासवर्ड बदलला, तो इतका अवघड की त्यांचा त्यांनाच आठवेना. (शेजारी म्हणजे मीच.) गाडी अडखळतच राहिली. शेवटी एका रविवारी ते कडाडले, "तूच काहीतरी लबाडी करतोस! नेमका तू मागे असलास की माझी गाडी कशी थांबते?"

पलीकडून उत्तर आलं, "दादा, तुला असं वाटत असेल तर नको खेळूया." आणि धाकटा निघून गेला.

पुढच्या रविवारी काका बंद स्क्रीनसमोर नुसते बसून होते. काकू म्हणाल्या, "अहो, नेट काढून एकट्याने खेळून बघा की. तरीही अडखळली, तर त्यात भावजींचा काय दोष?"

दिराला वाचवायचा हा डाव आहे, हे काकांनी ओळखलं. तरी वायर उपसली. एकटेच धावले. वळणावर गाडी थिजली.

"म्हणजे चोर घरातच आहे," काका पुटपुटले.

"माझ्याकडे काय बघता?" काकू म्हणाल्या आणि मला हाक मारली.

कुठला प्रोग्रॅम मशीनला किती राबवतोय ते दाखवणारी खिडकी मी उघडली. गेम थिजला की दोन नावं उसळी मारायची. दोन्ही अँटीव्हायरस.

"दोन कशाला, काका?"

"पहिल्यावर माझा विश्वास नव्हता. दुसरा त्याच्यावर लक्ष ठेवायला."

गेम पुढचा रस्ता उघडायला गेला की पहिला झडती घ्यायचा, मग दुसरा त्या दोघांची. तोवर गाडी रस्त्यात उभी.

"एक काढून टाका."

"आणि काढला तोच प्रामाणिक निघाला तर?"

काकूंनी माऊस हिसकावून एकाला घालवला. गाडी तेल दिल्यासारखी पळाली. काकांचा चेहरा मात्र उतरला.

"आता भावजींना फोन लावा."

"तो उचलायचा नाही."

पहिल्याच रिंगला उचलला. काका खाकरले. "अरे... घोटाळा माझ्याच मशीनमध्ये होता. उगाच बोललो तुला. खेळतोस?"

खेळले. काका चक्क जिंकले, आणि त्यांचे डोळे बारीक झाले. "मुद्दाम हळू घेतलीस ना?"

"नाही रे."

"खरं सांग."

"दादा, ठेवू का फोन?"

"नको, नको, ठेवू नकोस!" काका खुर्चीतून अर्धे उठले. "परत शर्यत लाव. या खेपेला बघतोच मी तुझ्याकडे."